राऊतबाईंनी पास केलेले खून

राऊतबाईंच्या हाताखालून शंभराच्या वर खून गेले. त्यातले निम्मे त्यांनी परत पाठवले, "खून नीट झालेला नाही, पुन्हा करावा," असा शेरा मारून. पालघरच्या पोस्टात एकदा असं एक पाकीट फाटलं आणि खिडकीतल्या माणसाने तो शेरा वाचला. मग तो बराच वेळ बाईंच्या चष्म्याकडे आणि त्यांच्या हातातल्या वालपापडीच्या पिशवीकडे आळीपाळीने बघत राहिला. बाई त्याला म्हणाल्या, "बघत काय बसलात? डिंक द्या."

बाई रहस्यकादंबऱ्यांच्या संपादक होत्या. कुठल्या कचेरीत नव्हे, घरी बसून. पालघरजवळ माहीम गावात त्यांची वाडी. मागे केळी, पानवेल, पुढे ओटी, आणि ओटीवर एक लोखंडी टेबल. पुण्या-मुंबईचे तीन-चार प्रकाशक त्यांच्याकडे हस्तलिखितं पाठवायचे आणि बाई त्यातले खून तपासून द्यायच्या. 'तपासून' हा त्यांचाच शब्द. त्याआधी एकतीस वर्षं त्यांनी तारापूर एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत गोळ्या तपासल्या होत्या. गोळी पाण्यात किती मिनिटांत विरघळते, बाटलीवर लिहिलंय तेच आत आहे का, वगैरे. निवृत्त झाल्यावर गोळ्या सुटल्या, तपासणी सुटली नाही.

कंपनीच्या बसमध्ये जाता-येता त्या रहस्यकथा वाचायच्या आणि घरी येऊन प्रकाशकाला पोस्टकार्ड टाकायच्या. "पान ४३ वर मारेकरी डावखुरा आहे. पान ९० वर तो उजव्या हाताने सही करतो. चौकशी व्हावी." अशी बरीच कार्डं गेल्यावर एक दिवस प्रकाशकाचा फोन आला. बिचारा रडकुंडीला आला होता. म्हणाला, "बाई, छापल्यावर मारण्यापेक्षा छापण्याआधीच मारा ना." तेव्हापासून बाई या धंद्यात.

कारखान्याच्या सगळ्या सवयी त्यांनी उचलून ओटीवर आणल्या होत्या. हस्तलिखित आलं की त्यावर पिवळं लेबल: तपासणी चालू. पास झालं की हिरवं, नापास झालं की लाल. खाडाखोडीचाही नियम होता. चुकलेला शब्द गिरगटून टाकायचा नाही, त्यावर एकच सरळ रेघ मारायची, म्हणजे खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी सही आणि तारीख. "खोडलेलं दिसलं पाहिजे," त्या म्हणायच्या. "जो लपवून खोडतो तो दुसरंही काही लपवतो." हा नियम पुढे मला फार महागात पडला. त्याचीच ही हकीकत आहे, पण आधी बाई नीट दिसू देत.

मी मूळचा जळगावकडचा. बोईसरला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहे. नट, बोल्ट, वॉशर आणि त्यांच्या चिठ्ठ्या यांत माझा दिवस जातो, आणि संध्याकाळी मी माणसं मारतो, म्हणजे कागदावर. पहिली कादंबरी लिहून पुण्याला पाठवली, तर प्रकाशक म्हणाले, तुमच्या संपादक तुमच्या शेजारीच आहेत, माहीमला. मला वाटलं, वा, घरचीच बाई. अर्धा किलो पेढे घेऊन गेलो. बाईंनी पेढे आत दिले, मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तुझा खून झालाच नाही."

"म्हणजे?"

"तुझा खुनी पावणेसहाला बोईसरच्या नाक्यावर रिक्षात बसतो आणि सहाच्या ठोक्याला पालघरला शेठच्या पाठीत सुरा खुपसतो. तू राहतोस ना बोईसरला? पावणेसहाला त्या नाक्यावर काय असतं?"

मी हळूच म्हणालो, "जनरल शिफ्ट सुटते."

"मग तुझा खुनी अजून नाक्यावरच आहे. ट्रकच्या मागे. इकडे शेठ जिवंत आहे, चहा पितोय. त्याला मारायचं असेल तर खुन्याला चार वाजता निघायला सांग."

आणि खरंच, घरी येऊन मी खुन्याला चार वाजता काढला तेव्हा कथा सुतासारखी सरळ झाली.

समासात त्यांचा सगळ्यात आवडता प्रश्न होता, "जेवला का?" माझा इन्स्पेक्टर तीन दिवस खुन्याच्या मागे होता आणि दर पाच-सहा पानांना पेन्सिलीने लिहिलेलं, "जेवला का?" मी म्हटलं, बाई, थरार आहे तो, त्यात जेवण कुठे घालू? त्या म्हणाल्या, "माणूस तीन दिवस उपाशी धावत नाही रे. चक्कर येऊन पडतो. मग तुझा थरार कोण करणार, त्याची आई?" मी इरेला पेटून इन्स्पेक्टरला इतकं खाऊ घातलं की नवव्या प्रकरणात शेरा आला, "आता पुरे. पळायचं आहे त्याला."

'अचानक' या शब्दाचा त्यांना राग होता. दिसला की रेघ. "अचानक फक्त लाइट जाते," त्या म्हणायच्या, "बाकी सगळ्याची आधी चाहूल लागते. तुझं लक्ष नव्हतं असं लिही." हे मी हसण्यावारी नेलं होतं. पुढे बाईंच्या बाबतीतच मला ते पटायचं होतं.

पण बाई नुसत्या टेबलाशी बसून तपासणाऱ्या नव्हत्या. खून उभा करून बघायच्या. त्यासाठी घरात एक कायमचं प्रेत होतं, राऊतकाका. काका एसटीत ड्रायव्हर होते. तीस वर्षं घाट-वळणं काढलेला माणूस, स्वभावाने लोण्यासारखा. पुण्याच्या एका लेखिकेची नायिका नवऱ्याचं प्रेत स्वयंपाकघरातून विहिरीपर्यंत एकटी ओढत नेते, असं कथेत होतं. बाई म्हणाल्या, बघू. काकांनी चष्मा काढून खिडकीत ठेवला, पंचा नीट केला आणि चटईवर पडले. बाईंनी चटईचं टोक धरलं. मी घड्याळ धरून उभा. उंबऱ्यापर्यंत कसंबसं आलं आणि नेमकी तेव्हाच शेजारची सून कढीपत्ता मागायला दारात आली. समोर हे दृश्य. काका चटईवरूनच म्हणाले, "मागच्या दारी झाड आहे, घे तोडून. मी जरा मेलोय."

उंबऱ्यापुढे काका गेले नाहीत. बाईंनी घाम पुसत शेरा लिहिला, "प्रेत उंबऱ्यात अडकते. विहीर रद्द करावी किंवा नवरा बारीक करावा." लेखिकेने नवरा बारीक केला.

समुद्राचं काही असलं की बाई सातपाटीच्या हिराबायकडे जायच्या. हिराबाय पालघरच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. तिचा नवरा, दीर, मुलगे सगळे बोटीवर. तिला वाचता येत नव्हतं, पण सून शिकलेली होती आणि बोंबील वाळत घालताना ती चार बायकांना पुस्तकं वाचून दाखवायची. बाईंनी पास केलेलं प्रत्येक पुस्तक त्या वाळवणावर जायचं. एका मोठ्या नावाच्या लेखकाने सातपाटीच्या समुद्रात टाकलेलं प्रेत दुसऱ्या दिवशी सकाळी जसंच्या तसं सातपाटीलाच लावलं होतं. बाई पापलेट निवडता निवडता हिराबायला म्हणाल्या, "येईल का गं?"

"वारा कनचा व्हता?"

"ते काही लिहिलेलं नाही."

"मंग मढं येल कसं? मढ्याकडं काय पास हाय एसटीचा, गेला तसा परत याला?"

बाईंनी तो शेरा शब्दशः लेखकाला कळवला. लेखक महिनाभर रुसले होते. मग त्यांनी वारा घातला.

भरती-ओहोटीचा हिशेब मात्र बाईंना स्वतःलाच तोंडपाठ होता. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ आली. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. पौर्णिमा असेल तर सव्वाअकरा-बाराला. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. आमच्याकडे जळगावला पाणी येतं आणि जातं ते फक्त नळाला, त्यामुळे मला हे नवं होतं. बाईंनी ते माझ्याकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोयच नाही.

कारण माझ्या कादंबरीचा शेवट सातपाटीच्या खाडीत होता. नाव 'गाळातली पावलं'. खुनी मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला, संध्याकाळी सहा वाजता, खाडी आटलेली असताना पलीकडच्या काठाकडून चालत येतो आणि इन्स्पेक्टर धक्क्यावर त्याची वाट बघत असतो. बाईंनी पाऊणपट केली, दोनदा केली, हिराबायला विचारलं. सहाला पूर्ण ओहोटी. खाडी चालत येण्यासारखी. सही केली, हिरवं लेबल लावलं आणि म्हणाल्या, "पहिलं पुस्तक आहे. तरी एक भोक नाही."

हे त्यांच्याकडून म्हणजे भारतरत्नच. बाईंचा एक पण होता आणि तो त्या येईल त्याला ऐकवायच्या, प्रकाशकाला, मला, अगदी हिराबायलासुद्धा. "कंपनीत एकतीस वर्षांत माझी एक बॅच परत आली नाही. माझ्या हातून पास झालेल्या पुस्तकात ज्या दिवशी भोक सापडेल, त्या दिवशी मी पेन ठेवीन."

पुढे काय झालं ते सांगायला आजही जीभ जड होते. छापायला जाण्याआधी प्रकाशकाने शेवटचं प्रूफ माझ्याकडे पाठवलं, नुसतं नजर टाकायला. मी खोलीत एकटा बसून शेवटचं प्रकरण वाचलं. आणि मला वाटलं, सहा वाजता कसला थरार? सहा वाजता माणसं भाजी आणायला जातात. बारा वाजता असेल तर? माथ्यावर पूर्ण चंद्र, खाली चंदेरी खाडी आणि तिच्यातून एकटा चालत येणारा खुनी! अंगावर काटा आला हो माझ्या, माझ्याच लिहिण्याने. मी तीन ओळी बदलल्या. रेघ नाही, सही नाही, तारीख नाही. बाईंना कळवलंही नाही. पाऊणपट मनात आली नव्हती असं नाही. मी तिला म्हटलं, गप बस.

पुस्तक आलं. सातपाटीच्या वाळवणावर गेलं. आणि एका सोमवारी पालघरच्या बाजारात हिराबायने भर गर्दीत बाईंना हाक मारली. मी बाईंच्या शेजारीच होतो, पिशवी धरून.

"बाय, तुजा खुनी मानूस हाय का मासा हाय?"

"का गं?"

"पुनवेच्या बारा वाजता खाडी चालत येतो ना तो? तवा आमच्या बोटी जातात थितून! सून वाचत व्हती, आमी हसून हसून बोंबलात पडलो."

सगळ्या कोळणी हसल्या. मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी एकदाच माझ्याकडे बघितलं, मग हिराबायला म्हणाल्या, "चुकलं गं. माझ्या नजरेतून सुटलं." आणि बोंबील न घेता निघाल्या.

दुसऱ्या दिवशी प्रकाशकांचा मला फोन. राऊतबाईंनी कळवलंय, चूक त्यांची आहे, लेखकाला बोल लावू नये, यापुढे हस्तलिखितं पाठवू नयेत. मी म्हणालो, "अरेरे." काय म्हणालो? अरेरे! एवढं बोलून फोन ठेवला. तेव्हाच सांगून टाकायचं होतं. पण त्यांनी त्याच फोनवर दुसरी कादंबरी मागितली होती, आणि ती मला घालवायची नव्हती.

असे अकरा महिने गेले. मी माहीमला जायचो, कारण न जाणं जास्त संशयास्पद दिसलं असतं. रहस्यकथा लिहून एवढी अक्कल आलेली असते. ओटीवरचं लोखंडी टेबल रिकामं. पेनचा डबा आत गेलेला. बाई वाल सोलत बसलेल्या असायच्या, आणि तपासायला काही नाही म्हणून काकांना तपासायच्या. काका म्हणाले, आज हवा बरी आहे, तर त्या म्हणायच्या, "हे तुम्ही मंगळवारीही बोललात." काका म्हणाले, मागे घाटात एकदा माझी गाडी, तर "मागच्या वेळी गाडी पंक्चर होती, आता ब्रेक गेला म्हणता. एक काहीतरी ठरवा." काका मला दाराशी सोडायला येत आणि हळूच म्हणत, "मी मरायला तयार आहे रे. रोज चटईवर पडतो पाहिजे तर. हिला कोणीतरी काम द्या."

मग कार्तिकात एक दिवस काका स्वतः बोईसरला माझ्या कारखान्याच्या फाटकावर आले. निवृत्तीनंतर हा माणूस कधी घराबाहेर एकटा पडत नाही. मी घाबरून बाहेर धावलो.

"काय झालं काका? बाई बऱ्या आहेत ना?"

"बरी आहे." काकांचा चेहरा पडलेला. "काल मी म्हटलं, उद्या जेवायला उकडहंडी करू या का. तर म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं."

"मग?" मी म्हणालो.

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाली रे. तुम्ही म्हणाल तसं. मला रात्रभर झोप नाही."

मलाही हसू येईना. म्हणजे आधी आलं, मग अर्थ कळला. ज्या बाईने प्रेत उंबऱ्यात अडकतं म्हणून पुण्याच्या लेखिकेला नवरा बारीक करायला लावला, ती बाई म्हणते, तुम्ही म्हणाल तसं! आणि हे मी केलं होतं, तीन ओळींच्या चांदण्यासाठी. मी तसाच अर्ध्या दिवसाची रजा टाकून काकांबरोबर माहीमला गेलो.

बाई ओटीवर होत्या. मी समोर बसलो आणि लांबून सुरुवात केली. माणसाचं मन, कलावंताचा मोह, असं काहीतरी. बाई म्हणाल्या, "पहिली चार वाक्यं काढून टाक."

मी काढून टाकली. म्हटलं, "बाई, सहाचे बारा मी केले. प्रूफात. तुम्ही पास केल्यानंतर."

"सही केली होतीस?"

"नाही."

"तारीख?"

"नाही."

"ठीक." त्या उठल्या, आत गेल्या आणि गोदरेजचं कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हातात एक तपकिरी पाकीट होतं, वर माझ्या कादंबरीचं नाव. औषध कंपनीत प्रत्येक बॅचमधला थोडा माल तपासणीवाले स्वतःच्या ताब्यात बाजूला ठेवतात. पुढे तक्रार आली तर तो काढून बघायचा, की दोष कारखान्यातून गेला का बाहेर झाला. बाईंनी पास केलेल्या प्रत्येक पुस्तकाची झेरॉक्स अशी कपाटात ठेवली होती. त्यांनी नेमकं पान काढलं. "संध्याकाळी सहा वाजता." शेजारी त्यांची सही, तारीख.

माझ्या कानशिलात मारली असती तरी इतकं लागलं नसतं. "म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून..."

"बाजारातून घरी आले, कपाट उघडलं, पाच मिनिटं लागली."

"मग बोलला का नाहीत? सगळं स्वतःवर का घेतलंत?"

बाई खुर्चीत बसल्या. चष्मा काढून पदराने पुसला. "तुझं पहिलं पुस्तक होतं. पहिल्याच बॅचला लेखकाने मागून भेसळ केली असं प्रकाशकाच्या कानावर गेलं असतं, तर तुला पुन्हा कोणी दारात उभं केलं नसतं. आणि चूक माझी होतीच की. शेवटचं प्रूफ मागून घ्यायचं असतं. सगळ्यांचं घेते. तुझं नाही मागितलं."

"का?"

"विश्वास ठेवला."

इतक्या सरळ आवाजात म्हणाल्या की मला रडू आलं. खरंच आलं, चाळिशीच्या माणसाला, वालाच्या टरफलांसमोर. काका खांबाआड उभे राहून ऐकत होते, तेही नाक ओढायला लागले. बाई वैतागल्या. "दोघंही गप्प बसा. फॉर्म भरायचाय."

कारखान्यात काही चुकलं की फॉर्म भरतात, हे मला स्टोअरमुळे माहीत होतं. बाईंनी कोऱ्या कागदावर चार रकाने आखले. काय झालं, कोणी केलं, मूळ कारण, उपाय. मूळ कारणात मी लिहिलं, "मोह." बाईंनी त्यावर एक सरळ रेघ मारली. "हे कीर्तन झालं. कारण लिही." मग मी लिहिलं, "चांदणं आवडलं." त्याखाली त्यांनी माझी सही घेतली. आणि उपायाच्या रकान्यात त्यांनी स्वतः लिहिलं. आतला पेनचा डबा काकांनी केव्हाच आणून टेबलावर ठेवला होता. अकरा महिन्यांनी बाईंच्या हातात पेन होतं. काकांनी मला खूण केली, बोलू नकोस, म्हणून. बाईंनी लिहिलं होतं, "येत्या पौर्णिमेला लेखकाने खाडीत उतरावे."

पौर्णिमेला साडेपाचलाच आम्ही सातपाटीला होतो. पाणी गेलेलं. बोटी गाळात कलंडून बसलेल्या, मधे पाण्याची एक पट्टी तेवढी राहिली होती. बाईंनी साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात कागद. काका छत्री मिटून इन्स्पेक्टर झालेले. हिराबाय सुनेसकट आलेली, शिवाय वाळवणावरचं अर्धं मंडळ. मी पँट वर दुमडून लांब जाऊन उभा राहिलो. बरोबर सहाला बाई ओरडल्या, "खुन्या, चल!"

वीस पावलांत गुडघ्याइतका रुतलो. पाय ओढून काढला तर चप्पल आतच. हात घालून शोधायला वाकलो तर कोपरापर्यंत काळा झालो. काठावर हशा पिकला. "आता बराबर!" हिराबाय ओरडली, "आता मानूस वाटतोस!"

"चप्पल सोड!" बाईंचा आवाज. "काढू नकोस! चप्पल गाळात राहते, हा पुरावा आहे. लिहिलं होतंस का हे?"

"नाही!"

"मग! घरात बसून कसं सुचेल?"

मी एका चपलेनिशी धक्क्यावर चढलो. धापा टाकत होतो, अंगभर गाळ. काकांनी छत्री रोखून मला रीतसर अटक केली. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "मागे बघ."

गावाच्या मागे, ताडांच्या वर, पुरा चंद्र येत होता. तांबूस, ताटाएवढा. पौर्णिमेला चंद्र संध्याकाळीच उगवतो, हे शाळेतल्या पोराला माहीत असतं. खाडीच्या ओल्या गाळावर त्याचा उजेड पडायला लागला आणि मी सोडून आलेली पावलं एकेक दिसायला लागली.

"चांदणं सहालाच होतं," बाई म्हणाल्या. "मी पास केलं तेव्हाही होतं. तू वर बघितलं नाहीस."

त्यांनी पिशवीतून माझं पुस्तक काढलं आणि त्यावर लाल लेबल चिकटवलं. मी मान खाली घातली. तर त्यांनी दुसरं लेबल काढलं, हिरवं, आणि माझ्या गाळाने भरलेल्या शर्टाच्या खिशावर दाबून बसवलं. वर तारीख घातली, सही केली. म्हणाल्या, "पुस्तक पुन्हा करून आण."

चारच महिन्यांनी बाई गेल्या. दुपारच्या झोपेत. काका सांगतात, टेबलावर पिवळ्या लेबलाचं हस्तलिखित होतं, अर्ध्यापर्यंत तपासलेलं, आणि शेवटच्या तपासलेल्या पानाच्या समासात लिहिलेलं, "जेवला का?" त्या चार महिन्यांत कारखान्याच्या कामामुळे मला माहीमला जाता आलं नाही. त्यामुळे मला त्या शेवटच्या दिसल्या त्या पौर्णिमेच्या धक्क्यावरच. त्या संध्याकाळी माझी रिक्षा सुरू झाली तेव्हा मी वळून बघितलं. काका छत्रीला टेकून उभे होते, आणि बाई हिराबायच्या टोपलीवर कागद ठेवून, वाकून, चांदण्यात काहीतरी लिहीत होत्या. हिराबाय सांगत होती आणि बाई मान हलवत होत्या, नाही नाही, म्हणून.

रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. एक चप्पल, कोपरापर्यंत गाळ, खिशावर हिरवा कागद. न राहवून म्हणाला, "साहब, ये क्या चिपकाया है किसीने?"

मी खिशावर हात ठेवला. म्हटलं, "पास हो गया, भाई."